उजवा जिवंत, डावा मेलेला

जुन्या लाउडस्पीकरचा योग्य भाव काय, असं तुम्हाला कुणी विचारलं तर सरळ 'मला ताप आहे' म्हणा आणि घरी जाऊन झोपा. मी तसं केलं नाही. मी स्टोअरकीपर आहे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात. रंगाची पिंपं, कॉस्टिकच्या गोण्या, बॉयलरचे वॉशर, कशाचाही भाव मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव आपल्याला कळतो असा माझा समज होता. माझी बायको प्रज्ञा हिचा तसा समज नव्हता. पण तिचा माझ्याबद्दल एकही चांगला समज नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

प्रकरण सुरू झालं शहाण्णवच्या चौदा एप्रिलला. भेस्तानच्या आमच्या वसाहतीत बाबासाहेबांची जयंती म्हणजे मिरवणूक, भाषणं, खीर, आणि सगळ्यात शेवटी भाऊरावांचं गाणं. भाऊराव मूळचे बुलढाण्याकडचे. उभी हयात कापड विणायची लूम चालवली आणि उभी हयात भीमगीतं गायली. त्यांच्या पत्नी काशीबाई त्याच शेडमध्ये बॉबिन भरायच्या. शेठने त्यांना ग्रॅच्युइटी दिली नाही, कान मात्र ठेवून घेतले. म्हणून दरवर्षी काशीबाई, तिथून भाऊराव दिसत नसले तरी, बरोब्बर भोंग्याखाली बसायच्या. एवढ्या जवळून त्यांना नवऱ्याचा आवाज थोडाफार पोचायचा. आम्हाला त्या भोंग्यातून नुसता पत्रा ऐकू यायचा, पण त्या मान डोलवायच्या.

भोंगा असायचा बन्सीलालचा. बन्सीलाल मंडपवाला. भाडं घेतो पूर्ण, बोलतो उपकार केल्यासारखं. त्या वर्षी भाऊरावांचं दुसरं कडवं चालू असताना त्याचा माणूस बांबूवर चढला आणि वायर काढायला लागला. कुठल्याशा शेठकडे लग्न निघालं होतं.

"तुमचं काय, दरवर्षीचंच आहे," बन्सीलाल म्हणाला.

भाऊराव तसेच गात राहिले. उघड्या गळ्याने, सबंध गाणं. काशीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने विचारलं, "संपलं काय?"

कुणी हसलं नाही. भाऊरावांनी खंजिरी पिशवीत घातली. "आता म्या लोकाच्या भोंग्यात गात नाई," ते म्हणाले. "मंडळाचा सोताचा येईल तई गाईन. नाई आला तर झालं माहं गाणं."

मी मंडळाचा सेक्रेटरी. राग माझ्या नाकावर असतो आणि जीभ त्याच्या शेजारीच राहते. मी तिथेच ओरडलो, "पुढच्या जयंतीला मंडळाचे स्वतःचे स्पीकर लागतील! नाही लागले तर मी सेक्रेटरी नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या कशाला पडल्या हे प्रज्ञाने घरी समजावून सांगितलं. तिच्या मते निम्म्या टाळ्या दुसऱ्या वाक्यासाठी होत्या.

वर्ष कसं गेलं ते विचारू नका. वर्गणी निघाली एकवीसशे. नव्या सेटचा भाव दुकानदाराने सांगितला तेव्हा मी 'बरं, बघतो' म्हणून पायऱ्या उतरलो ते पुन्हा चढलो नाही. मार्च लागला. भाऊराव भेटले की माझ्याकडे बघून नुसता घसा साफ करायचे. त्यापेक्षा शिवी बरी.

अशात आमच्या कारखान्यातून रिकामी पिंपं नेणारा उखा भंगारवाला म्हणाला, "भाऊ, नानपुऱ्यात एक पारशी बावा आहे. रस्ता रुंद झाला त्यात त्याच्या घराचा पुढचा खण गेला. दोन मोठे स्पीकर पडलेत, जुने, विलायती. मला देईना. म्हणतो, तू फोडशील."

"मग? फोडणार होतास?"

"मग काय, ऐकत बसू? चुंबकाचं वजन असतं, भाऊ. तांबं असतं. दोघांचे मिळून एकशेऐंशी रुपये."

हा पहिला भाव.

मी रविवारी नानपुऱ्यात गेलो. खरशेदजी सत्तरी ओलांडलेले, सदऱ्यावर जाकीट, घराचा दर्शनी भाग कापलेला, त्यामुळे खुर्चीत बसलेला माणूस थेट रस्त्यावर बसल्यासारखा दिसायचा. मागच्या खोलीत दोन लाकडी खोके, माझ्या कमरेइतके उंच. पुढे विणलेलं कापड, कडेला पॉलिश. माझ्या घरात एवढं देखणं काही नाही. (हे मी प्रज्ञासमोर बोललो, तीही एक चूकच.)

"काका, भाव काय?" मी विचारलं.

"भाव तू सांगायचा," खरशेदजी म्हणाले. ते गुजरातीत बोलायचे, मी मराठीत सांगतोय. "हे माझ्या थोरल्या भावाने बोटीवरून आणले. मी विकत घेतले नाहीत, मला भाव ठाऊक नाही. घासाघीस मला जमत नाही. तू एकदाच बोल. कमी बोललास तर मला अपमान वाटेल. जास्त बोललास तर मी लबाड ठरेन. बरोबर बोललास तर घेऊन जा."

"आणि चुकलो तर?"

"तर चहा पी आणि घरी जा, डीकरा."

मंडळी, हसू नका. आमच्या मजुरीचा भाव शेठ ठरवतो. खोलीचं भाडं मालक ठरवतो. भाजीचा भाव भाजीवाली ठरवते आणि वर कोथिंबीरही देत नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, भाव तू ठरव. रंगाच्या पिंपांचे भाव मला पाठ होते, पण तेही दुसऱ्याने ठरवलेले, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. 'पुढच्या रविवारी सांगतो' म्हणून मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत दुखणं आलं तर सल्ले मिळतात, तसेच खरेदी निघाली तरी मिळतात, आणि बहुतेक तेच असतात. सुतार पांडुरंग म्हणाला, लाकूड सागवानी असेल तर सहाशे, वर सागाची नुसती पट्टी असेल तर अडीचशे. टोकरून बघायला त्याने पटाशी दिली. म्हणजे पारशाच्या घरी जाऊन त्याच्या भावाच्या आठवणीला मी पटाशी लावायची. उधना नाक्याच्या रेडिओवाल्याने विचारलं, "वॉट किती?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तो म्हणाला, "वॉट ठाऊक नाही तो स्पीकर नव्हे, फर्निचर." एक मास्तर वसाहतीत आहेत, ते म्हणाले, न्याय्य मूल्य ही संकल्पनाच सापेक्ष आहे. त्यांना मी चहा दिला नाही.

आणि बन्सीलाल. त्याला ही बातमी कुणी दिली हे मला ठाऊक आहे, पण ती माझी मेहुणी आहे, म्हणून सोडून देतो. तो नाक्यावर अडवून म्हणाला, "सेक्रेटरी, जुनं खोकं घेऊ नका. फुकट महाग. दुःखी व्हाल." एवढा जिव्हाळा पाहून मला शंका यायला हवी होती. हा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः नानपुऱ्यात गेला आणि चार हजार बोलला! खरशेदजींनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला. "एवढे पैसे देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बन्सीलालच्या मनात होतं ते एवढंच, की आमच्याकडे स्पीकर नसावेत.

एकशेऐंशीपासून चार हजारांपर्यंत आकडे डोक्यात घेऊन मी जेवायला बसलो. दोनदा पाण्याऐवजी आमटी प्यायलो.

"अहो, एक सांगू?" प्रज्ञा म्हणाली. "वस्तूकडे बघून भाव नका ठरवू. तुम्ही आकडा बोलाल तेव्हा वर्गणी दिलेल्या बायका तुमच्या मागे उभ्या आहेत असं समजा. समोर ते म्हातारे. दोघांच्याही तोंडाकडे बघता येईल असा आकडा काढा."

आम्ही पंधराशेवर आलो. मला तो माझाच शोध वाटला. प्रज्ञाने वाटू दिला.

रविवारी मी बळीरामला बरोबर घेतलं. बळीराम परभणीकडचा, आमचा शेजारी, लूमच्या कारखान्यात जॉबर. लूम बिघडली की दुरुस्त करणारा. त्या शेडमध्ये कानाचा काही उपयोग नसतो. जॉबर चालत्या लूमवर तळहात टेकतो आणि सांगतो, हिचा पट्टा सैल आहे, हिचं बेअरिंग गेलंय. बळीरामचा हात म्हणजे डॉक्टरची नळी. सबंध भेस्तान मानतं. मीही मानतो. तिथेच घात झाला.

खरशेदजींनी जुना काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर लावला, नळ्या लाल होईपर्यंत आम्हाला थांबवलं आणि रेकॉर्ड ठेवली. कुणीतरी विलायती माणूस व्हायोलिन वाजवत होता, अगदी हळू, शेजारच्याची झोप मोडू नये अशा बेताने. मला जेमतेम ऐकू आलं. बळीरामला काहीच नाही.

"लावलं का त्यांनी?" त्याने विचारलं. लूमवाल्यांचं कुजबुजणं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं.

"लावलंय."

बळीराम पुढे झाला. डाव्या खोक्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. मान हलवली. "सेक्रेटरी, हे मेलंय. काहीच न्हाई."

मग उजव्यावर ठेवला. चेहरा उजळला. "हे बगा! हे जिवंत हाय! कसं थरथरायलंय!"

मीही हात लावला. डावा थंड, दगडासारखा. उजवा गुरगुरणाऱ्या मांजरासारखा. आता लूम थरथरत नसेल तर ती बंद आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी घरून आणलेला पंधराशेचा आकडा त्या क्षणी फोडला. छाती काढली आणि बोललो, "काका, उजव्याचे हजार. डावा गेलेला आहे, त्याचे पाचशे, तेही लाकडाकडे बघून."

खरशेदजींनी व्हायोलिन थांबवलं. "उलटं बोललास."

"सुलटंच बोललो."

"अरे, डावा उत्तम आहे! खोकं हललं नाही पाहिजे, आवाज हलला पाहिजे! उजवा अडुसष्टच्या रेलमध्ये पाण्यात उभा होता." तापीच्या पुराला सुरतेत रेल म्हणतात. "आतली पट्टी सुटली आहे. मोठा केला की खडखडतो. त्याचे हजार घेतले तर मला रात्री झोप लागणार नाही. पाचशे घेईन. डाव्याचे हजार."

"मेलेल्याचे हजार?"

बळीरामने माझ्या कानाशी कुजबुजून सबंध नानपुऱ्याला सांगितलं, "म्हातारा डाव टाकायलाय. खराब माल गळ्यात मारायलाय."

"मी डाव टाकतो?" खरशेदजी ताडकन उठले. "मी चांगल्याला चांगला म्हणतो, तो डाव?"

"काका, डाव्याचे पाचशेच्या वर एक पै नाही!"

"आणि मी उजव्याचे पाचशेच्या वर एक पै घेणार नाही!"

मी उजव्याचे बाराशे केले. त्यांनी चिडून उजवा तीनशेवर आणला. मी डावा तीनशेवर आणला, त्यांनी तो बाराशेला नेला. रस्त्यावर चार माणसं उभी राहिली, घर उघडंच होतं. त्यांना कळेना की विकणारा कोण आणि घेणारा कोण. शेवटी बळीरामने बोटांवर बेरीज केली आणि हात वर केला.

"थांबा, थांबा. त्यांचे बाराशे अन् तीनशे. आपले तीनशे अन् बाराशे. दोन्हीकडून पंधराशेच व्हायलेत. मग भांडायलोत कशाला?"

खरशेदजी खाली बसले आणि ठसका लागेपर्यंत हसले. "घेऊन जा," ते म्हणाले. "पण उजवा खराब आहे, हे मी सांगितलं होतं, लक्षात ठेव."

योग्य भाव म्हणजे काय, याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे: दोन माणसांनी अगदी वेगवेगळ्या कारणांनी, एकमेकांना मूर्ख समजत, एकाच आकड्यावर यायचं. मास्तरांनी हे टिपून घ्यायला हरकत नाही.

हातगाडीवरून खोके भेस्तानात आले तेव्हा अर्धी वसाहत स्वागताला होती. भाऊराव घरातून बाहेर आले, पण लांबच उभे राहिले. मी स्पीकरच्या वायरी माझ्या टेपरेकॉर्डरला जोडल्या, बटण दाबलं आणि सगळ्यांकडे बघितलं. आतून एखादा डास भिंतीपलीकडे गात असावा तसा आवाज आला. मी बटण पूर्ण फिरवलं. डास थोडा जवळ आला.

"याले मोठं करणारं मशीन लागते ना, प्रफुल्ल?" भाऊराव म्हणाले आणि घसा साफ करून आत गेले.

अॅम्प्लिफायर! त्या लाल नळ्या! सगळा दिवस भांडण्यात गेला आणि ती पेटी मागायचं मी विसरलो. स्टोअरकीपर! वॉशरशिवाय नळ न देणारा स्टोअरकीपर! बन्सीलाल त्या दिवशी नाक्यावर मुद्दाम उभा होता. मला बघून त्याने डासासारखा आवाज काढला.

मी पुन्हा नानपुऱ्यात. खरशेदजी म्हणाले, "तो मी विकायला काढलाच नव्हता. रोज संध्याकाळी मी काय ऐकू? मला एक छोटा स्पीकर पुरतो, पण तोही या पेटीवरच चालतो." माझं तोंड बघून ते विरघळले असावेत. "तुझ्या जयंतीला घेऊन येतो. पण बटणाला हात मीच लावणार."

परवानगीचं राहिलं होतं. चौकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. "माइकवाला कोण?"

"कुणी नाही. आमचेच स्पीकर आहेत."

"असं कसं? इथे माइकवाल्याचं नाव लागतं."

"भाड्याचे असतील तर लागेल ना."

"भाऊ, माइक असतो तिथे माइकवाला असतोच. नाव नसेल तर अर्ज पुढे जात नाही. उद्या आवाज मोठा झाला तर आम्ही कुणाला धरायचं? बाबासाहेबांना?"

या वाक्यावर मी जे बोललो ते छापत नाही. तरी अर्ज तिथेच राहिला. शेवटी दात आवळून मी खरशेदजींचं नाव दिलं. कारकुनाने पेन थांबवलं. "पारशी? भेस्तानात? माइकवाला?"

"हो. पिढीजात."

खरशेदजींना सांगितलं तेव्हा त्यांनी पेटी जवळ ओढली. मला वाटलं, आता पेटीही गेली. "धंद्याचं नाव काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते नाराज झाले. "काहीतरी लिहायचं ना, डीकरा."

चौदा एप्रिल. खरशेदजी रिक्षातून आले, मांडीवर पेटी, अंगात धुतलेलं जाकीट. उरलेल्या वर्गणीतून घेतलेल्या माइकच्या शेजारी टेबलावर पेटी ठेवली, नळ्या लाल झाल्या, आणि माझं प्रास्ताविक सुरू झालं. डाव्यातून माझा आवाज इतका स्वच्छ आला की मलाच माझी कीव आली. उजव्यातून तोच आवाज खडखडत आला, सैल पत्र्यावर कुणी खिळे ओतावेत तसा. पोरं हसली. बायकांनी कानावर पदर घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, एक बंद करा!"

मी बळीरामकडे पाहिलं. बळीराम आकाशाकडे पाहत होता.

"मी सांगितलं होतं," खरशेदजी म्हणाले.

रस्त्यापलीकडून बन्सीलालचा आवाज आला, "आणू का माझा भोंगा? भाडं नको!"

एवढ्यात भाऊराव उठले. त्यांच्यासाठी खडखड होती की नव्हती, ठाऊक नाही. मंडळाचा स्वतःचा होता, त्यांचा शब्द पुरा झाला होता. त्यांनी खंजिरी काढली आणि गाणं उचललं. आवाज थकला होता, पण डाव्या खोक्यातून त्यातला शब्दन्‌शब्द कळत होता. उजवा मात्र खंजिरीच्या प्रत्येक ठोक्याला खडाखडा दात वाजवत होता. माझ्याच्याने ऐकवेना. या म्हाताऱ्याचं गाणं दुसऱ्यांदा मी नासू देणार नव्हतो. मी वाकून उजव्याची वायर उपटायला गेलो.

हातावर फटका बसला.

काशीबाई होत्या. नेहमीसारख्या भोंग्याखाली बसायला आल्या होत्या, पण भोंगा नव्हता, बांबू नव्हता. खोके जमिनीवर होते आणि त्यांच्यातून त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी शेडमध्ये करायच्या तेच केलं. उजव्या खोक्यावर तळहात टेकला. आता डोळे मिटून बसल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला होता. बरोबर. खंजिरीबरोबर.

मी वायर सोडली.

दुसरं कडवं आलं. काशीबाईंनी डोळे उघडले आणि सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो! पळता काऊन? ठेका पळाला तुमचा!"

भाऊराव थांबले. खंजिरी तशीच वर. त्यांनी माइकमध्येच विचारलं, "तुले ऐकू आलं?"

काशीबाई ओठ वाचतात, सगळ्या शेडवाल्या वाचतात. "आलं ना! हातानं आलं!"

भाऊराव त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून उचललं, सावकाश, न पळता. यावेळी कुणी कानावर पदर घेतला नाही. खडखड होतीच. पण ती आता काशीबाईंची खडखड होती, तिच्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. बन्सीलालचीही नव्हती. तो कधी गेला मला कळलं नाही.

गाणं संपलं. खरशेदजींनी चष्मा काढला, जाकिटाला पुसला, पुन्हा घातला. "प्रफुल्ल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजव्याचे हजारच होते. मी चुकलो."

"नाही काका, डावाही हजाराचाच आहे. चूक आमची."

बळीराम घाबरला. माझा हात ओढून, माइकच्या अगदी जवळ, तो माझ्या कानाशी कुजबुजला, "सेक्रेटरी, गप ऱ्हावा! दोन्ही हजाराचे झाले तर अजून पाचशे द्यावे लागत्यात!"

ते डाव्यातून स्वच्छ गेलं आणि उजव्यातून खडखडत.

काशीबाईंचा तळहात अजून खोक्यावरच होता. त्यांनी कपाळाला आठी घातली.

"हा कोण आला मधीच?" त्या म्हणाल्या. "बंद करा याले. याले ठेकाच नाई."